नाल्यापलीकडची मोजणी

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, जमीन मोजायची. तीस मीटर लांब, कापडी, दर मीटरला लाल आकडा. कारखान्यातून निघाले तेव्हा तपासनिसाने मला दोनदा ताणून पाहिले आणि म्हटले, "केसाचाही फरक नाही!" त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढले.

पहिली बावीस वर्षे मी नगर कार्यालयातल्या मोजणीदारांकडे होते. बंगल्यांपुढचे रुंद रस्ते मी मोजले, बागा मोजल्या, बागेतल्या कारंज्याचा घेरसुद्धा मोजला. शाबासकीही मिळाली. पण शहराच्या कडेच्या नाल्याशी आलो, की मोजणीदार मला गुंडाळत आणि मदतनिसाला सांगत, "पलीकडे कोण जातंय? लिही, रिकामी जागा." पलीकडे धुणी वाळत होती, पोरे ओरडत होती, एक म्हातारा दारात बसून आमच्याकडेच पाहत होता. मला तोंड असते, तर त्याच दिवशी भांडले असते.

पुढे मी कार्यालयाला नकोशी झाले आणि नगररचना शिकवणाऱ्या कॉलेजच्या कपाटात माझी रवानगी झाली. तिथून मला एका विद्यार्थिनीने उचलले. ती नाल्यापलीकडचीच. आत्याने लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून तिला वाढवले होते. वर्गात शहराचा नकाशा उघडला, तेव्हा ती आपले घर शोधू लागली. तिथे नुसता पांढरा कागद!

"सर, इथे आम्ही राहतो," ती म्हणाली.

सरांनी नकाशा तिच्यापुढे केला. "मग मोजून आण," म्हणाले.

सोळा रविवार आम्ही मोजत होतो. दारे, बोळ, नळ. घरे भरली दोनशे तेरा. शेवटच्या घरापासून नाल्यावरच्या एकुलत्या एका पुलापर्यंत मी अडतीस वेळा जमिनीवर आडवी झाले. अकराशे चाळीस मीटर! आणि दवाखाना? नाल्याच्या त्या काठावर, वस्तीच्या अगदी समोर. शेजारची एक बाई हा वळसा घालताना रस्त्यातच बाळंत झाली होती.

त्याच वर्षी पायी जाणाऱ्यांसाठी नवा पूल मंजूर झाला. कुठे? बंगल्यांच्या बाजूला, जुन्या पुलापासून हाकेच्या अंतरावर, सकाळी फिरायला निघणाऱ्यांच्या सोयीसाठी! हरकतींच्या सुनावणीला विद्यार्थिनी आपला नकाशा आणि मला घेऊन गेली.

मुख्य अभियंत्यांनी कागद चाळले. "आमच्या नकाशात तिथं वस्तीच नाही. आणि ही टेप बघा, किती जुनी! ताणली असेल."

मित्रांनो, माझ्या अंगाची लाही लाही झाली. नकाशा यांचा खोटा आणि ताणलेली मी? चोराच्या उलट्या बोंबा!

"तुमची नवी टेप आणा, साहेब. मी पुन्हा मोजते," विद्यार्थिनी म्हणाली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आत्या उठली. कपडे पोचवायच्या वाटेवरच ती आली होती. "टेपचं राहू द्या, साहेब. हे गाठोडं घेऊन मी दिवसातून दोनदा तो वळसा घालते. आज तुम्ही घ्या."

लोक हसले. साहेबांना नाही म्हणता येईना. दुपारी सगळे पुलापाशी जमले. साहेबांनी गाठोडे शिपायाकडे सरकवले. आत्याने ते उचलून पुन्हा त्यांच्याच हातात दिले. सहाशे मीटर झाले आणि त्यांनी ते खाली टेकवले. घाम पुसताना समोरच्या काठावरची दवाखान्याची पाटी त्यांना दिसली. ती त्यांनी मनातल्या मनात वाचली.

"चला, अजून जवळजवळ निम्मं आहे," आत्या म्हणाली.

पूल वस्तीसमोर झाला. नव्या नकाशात दोनशे तेरा घरे उमटली. वर्तमानपत्रात मात्र फोटो आला तो फीत कापणाऱ्या साहेबांचा. आत्या त्या वेळी इस्त्री करत होती, कुणी तिला बोलावलेच नव्हते. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता मी थकले. माझे बोटभर टोक झिजले आहे. मुले लेझरचे यंत्र वापरतात, खिडकीत बसूनही अंतर कळते म्हणे. कळो बापडे! तरी उद्या तुमच्यापैकी कुणी शहरे आखायला शिकेल, म्हणून सांगते. काम झाले की मला ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, मगच गुंडाळा. एवढीच माझी बडदास्त. पण चिखल लागेल म्हणून मला पिशवीतच ठेवणार असाल, तर कृपा करून शहर आखायच्या भानगडीत पडू नका.