एकशे वीसचे टायर

मधल्या खाचेत साडेतीन मिलिमीटर, दोन्ही कडांच्या खाचांत सात. तिने खोली मोजायची पट्टी पुसली आणि पुन्हा लावली. आकडा तोच आला. मागच्या दोन्ही टायरांची नक्षी मधोमध झिजून गुळगुळीत व्हायला आली होती आणि कडा मात्र जवळजवळ कोऱ्या होत्या.

"काय म्हणतायत टायर?" दारातल्या लाकडी खुर्चीतून तिच्या वडिलांनी, अप्पांनी विचारलं. त्यांना आता नक्षी दिसत नसे, पण कुणाची गाडी आली ते इंजिनाच्या आवाजावरून कळे.

"मागच्या वेळेसारखेच. मधून गेलेत."

"म्हणजे तीन वर्षं पुन्हा रिकामीच फिरवली," अप्पा म्हणाले. "मुंगी न्यायला हत्तीचे पाय लावतो हा माणूस."

पिकअपला टेकून उभे असलेले पारेवाले हे ऐकून हसले. अप्पांचं बोलणं त्यांनी कधीच मनावर घेतलं नव्हतं. नावही अप्पांनीच ठेवलेलं. पारेवाले डोंगरावरच्या हवामान केंद्रावर निरीक्षक होते. तेवीस किलोमीटर दगडी वाट, वर दोन खोल्या, एक पर्जन्यमापक आणि जाळीच्या पांढऱ्या पेटीत टांगलेले तापमापक. आठवड्यातून एकदा ते खाली येत, सामान घेत आणि परत जात. टायरांसाठी मात्र दर तीन वर्षांनी.

टायरच्या बाजूवर एक आकडा कोरलेला असतो. एकशे आठ म्हणजे एका टायरने हजार किलो पेलायचे, एकशे वीस म्हणजे चौदाशे. जड टायरात हवाही जास्त लागते, आणि एवढी हवा भरून वर ओझंच ठेवलं नाही, की टायर मधोमध फुगून राहतो. रस्ता मग फक्त मधल्या पट्ट्याला घासतो. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती या दुकानात बसली तेव्हा अप्पा हसले होते. ते टायरवर हात मारून त्याची कुंडली सांगत. पण गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न काय विचारायचा, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. गाडी कुठली, हे नंतर. आधी विचारायचं, ओझं काय असतं?

नऊ वर्षांपूर्वी तिने पारेवाल्यांना हेच विचारलं होतं. तोवर त्यांच्या गाडीला एकशे आठचे टायर होते आणि ते पुरत होते.

"सध्या काही नाही," ते काउंटरवरच्या काचेकडे बघत म्हणाले होते. "पण एक बिऱ्हाड वर न्यायचं मनात आहे."

"कुणाचं?"

"तुमचं. तुम्ही हो म्हणालात तर."

ती तेव्हा छत्तीस वर्षांची होती. तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, "अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊ दे. पुढच्या टायरांना सांगते."

"चालेल," पारेवाले म्हणाले होते. "मग या वेळी एकशे वीसचे द्या. तयारी असलेली बरी."

ऑपरेशनचा फारसा उपयोग झाला नाही. पुढच्या टायरांना तिने पुन्हा पुढचे टायर सांगितले, त्याच्या पुढच्यांनाही तेच. त्यांनी एकदाही कारण विचारलं नाही. प्रत्येक वेळी ती सांगे, "रिकाम्या गाडीला हे कडक पडतात. एकशे आठ पुरतील तुम्हाला. नाहीतर निदान हवा तरी कमी ठेवा." आणि प्रत्येक वेळी ते म्हणत, "वर हवा भरायला पंप नाही हो. ऐन वेळी धावपळ नको."

रोज सकाळी रेडिओवर आधी हवामान लागे आणि मग बातम्या. निवेदिका सगळ्या केंद्रांचे आकडे वाची. डोंगरावरचं किमान तापमान चार अंश, पाऊस बारा मिलिमीटर. तासाभरापूर्वी ते आकडे पारेवाल्यांनी वाकून, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून वाचलेले असत. तेवढं ऐकून ती रेडिओ बंद करी आणि दुकान उघडायला जाई.

तिने मोजपट्टी खिशात ठेवली. "एकशे वीसच ना? कालच नवीन आलेत."

"नाही," पारेवाले म्हणाले. "या वेळी एकशे आठचे द्या."

ती थांबली.

"तुम्हीच सांगत होतात ना," ते घाईने म्हणाले. "पाठ धरते आता. डॉक्टर म्हणाले, गाडीचे धक्के कमी करा. आणि ती दुसरी खोली... ऑफिसने जुनी यंत्रं पाठवलीत, ती तिथे ठेवायला सांगितलंय. पुढच्या आठवड्यात लावून टाकतो. म्हणजे आता तसं काही न्यायचं राहिलेलं नाही वर."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पर्जन्यमापकातला आकडा सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "एकशे आठ पुरतील तुम्हाला."

नऊ वर्षं हेच वाक्य ती म्हणत आली होती. आज पहिल्यांदा कुणी ते मान्य केलं.

"मामा, एकशे आठचे चार काढा," तिने आत आवाज दिला आणि काउंटरमागे जाऊन बसली. मामा म्हणजे दुकानातले जुने फिटर. त्यांनी जॅक लावला. मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं.

काउंटरच्या काचेखाली टायरांच्या आकड्यांचा छापील तक्ता होता. तिने काच जराशी उचलली आणि तक्त्याखालचा घडीचा कागद काढला. त्याच्या घड्या कापडासारख्या मऊ झाल्या होत्या. भंगारातल्या ट्यूब तोलायच्या काट्यावर, दुकान बंद असलेल्या एकेका दुपारी, तिने एकेक वस्तू तोलली होती. कपाट ब्याऐंशी किलो. शिवणयंत्र एकतीस. पुस्तकं आधी एकशे दहा होती, ते खोडून एकशे चाळीस केलं होतं. पलंग, टेबल, भांडी. सगळ्यात खाली, वेगळ्या शाईत, अप्पांची खुर्ची अकरा किलो, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. वर चार अंशांत अप्पांची छाती कफाने भरेल हे तिला माहीत होतं. त्या प्रश्नचिन्हापाशी बेरीज दर वेळी अडायची.

"कागद काढलास वाटतं," अप्पा म्हणाले.

तिने मान वर केली. अप्पांचं तोंड रस्त्याकडेच होतं.

"कसला कागद?"

"मला काय ठाऊक कसला. ती काच उचलली की खणकन वाजते. पारेवाले येऊन गेले की वाजतेच." त्यांनी गुडघे चोळले. "एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा."

"सकाळी तू रेडिओ लावतेस. वरचं तापमान सांगून झालं की पट्‌कन बंद करतेस. नऊ वर्षं झाली, मला बातम्या ऐकायला मिळालेल्या नाहीत. जगात काय चाललंय मला पत्ता नाही."

तिला हसू आलं.

"मग सांगायचं होतंत."

"मी कशाला सांगू? मला वाटायचं, तुझंच मन होत नाहीये. आपण मध्ये पडू नये."

"तुम्हाला एकटं टाकून—"

"एकटं कुठलं? मामा आहे, दिवसभर डोकं खायला. तुझी धाकटी बहीण दोन गल्ल्यांवर राहते. तिने माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली तेव्हा तू म्हणालीस, अप्पांना तिथे करमणार नाही. मला विचारलंस कधी?"

तिने विचारलं नव्हतं. चार प्रकारच्या टायरांचे दाब तिला तोंडपाठ होते, आणि हा एवढा एक आकडा तिने नऊ वर्षं अंदाजाने धरला होता.

"त्या कागदात माझी खुर्ची धरली असशील," अप्पा म्हणाले, "तर वजा कर. मी इथेच बसणार आहे. दार कुणी सांभाळायचं?"

बाहेर मामांनी जुनं चाक काढून भिंतीला लावलं आणि नवा टायर घरंगळत आणला. बाजूवर एकशे आठ असं स्वच्छ दिसत होतं. पारेवाले थोडे दूर उभे राहून आभाळाकडे बघत होते. ती त्यांची सवय होती; ढग दिसले की कुठल्या जातीचे ते मनात नोंदवायचे. कमरेवर एक हात होता. मानेजवळचे केस पूर्ण पांढरे झालेले तिला आज दिसले.

तिने अकरावर रेघ मारली. बेरीज केली. मग त्याखाली आणखी एक आकडा लिहिला, जो आजवर लिहायचं धाडस झालं नव्हतं, आणि तो मिळवला. सहाशे चाळीस.

ती बाहेर आली तेव्हा मामा टायर मशीनवर चढवत होते.

"मामा, थांबा. तो उतरवा."

"का? चांगला आहे की."

"चांगला आहे. पण पुरणार नाही. एकशे वीसचे काढा."

पारेवाले वळले. "अहो, आत्ताच तर तुम्ही म्हणालात पुरतील म्हणून. माझ्याकडे ओझं काय आहे?"

"सपाटीवर पुरतील," ती म्हणाली. आवाज स्थिर राहावा म्हणून तिने कागदाकडेच पाहिलं. "पण सहाशे चाळीस किलो घेऊन चढ लागला की भार मागे येतो. त्यात वळणावर गाडी कलते. मागच्या एकाच टायरवर हजाराच्या आसपास जातं. एकशे आठची तिथे हद्द संपते. खाली टोकदार दगड असले तर टायर बाजूने फाटेल."

"सहाशे चाळीस कशाचे?"

"एक कपाट. शिवणयंत्र. एकशे चाळीस किलो पुस्तकं."

पारेवाल्यांचा हात कमरेवरून खाली आला. मामांनी मशीन बंद केलं. अप्पांच्या खुर्चीची करकरही थांबली.

"ती यंत्रं त्या खोलीत लावू नका," ती म्हणाली. "शेवटचे अठ्ठावन्न किलो मी आहे. पुढच्या टायरांना नाही. याच टायरांना येते."