फिंटन टूहीचा ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. गळ्यात अडकवून मिरवणुकीत वाजवतात तसला नव्हे. जमिनीवर आडवा बसवून, पायाखालची पट्टी दाबून वाजवायचा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, स्लायगोच्या बाजूला, कारिगमोर नावाचे गाव आहे. तिथे टूहींच्या घरामागच्या पडवीत मी पडून असतो. माझे एक तोंड फाटले आहे आणि कड्यांना गंज चढला आहे. पण त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. मला सांगायचे आहे ते माझ्या माणसांबद्दल.

माझा जन्म डब्लिनमधल्या एका बोळात झाला. क्युसॅक नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने फळ्या वाफेवर नरम केल्या, गोल वाकवल्या आणि दोन्ही तोंडांवर वासराचे कातडे ताणले. मग बोटाच्या पेराने टकटक केले, कान लावला आणि मान डोलावली. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

मला विकत घेतले बार्टली मामाने. मामा म्हणजे फिंटनचा मामा; पण तेव्हा फिंटनचा जन्मही झाला नव्हता. मामा नाचाच्या हॉलमध्ये वाजवायचा. तरुण पोरे-पोरी सायकली हाणत लांबून लांबून यायची. आमच्याकडची हवा ओलसर, त्यामुळे माझे कातडे सैल पडायचे. मग मामा मला विस्तवापुढे धरून शेकायचा आणि म्हणायचा, "ऊब घे रे बाबा. तुझ्या जिवावर आज लग्नं जमायची आहेत." आणि खरोखरच जमायची.

पुढे नाचाचे हॉल ओस पडले. मामा इमारतींच्या कामावर इंग्लंडला गेला आणि तिकडचाच झाला. जाताना मला बहिणीकडे, म्हणजे ब्रायडीकडे, ठेवून गेला. पडवीत माझ्या कातड्याला भोक पडले आणि एक तांबडी कोंबडी त्यातून आत शिरून अंडी घालू लागली. ढोलाच्या आयुष्यात याहून मोठी मानहानी नसेल, असे मला त्या काळी वाटायचे.

फिंटन हा ब्रायडीचा एकुलता एक मुलगा. त्याची शाळा संपली तेव्हा गावात कामधंदा उरला नव्हता. वर्गातली निम्मी मुले बोटीत बसून लंडनला गेलेली. मागे राहिले फिंटन, शेजारची डेर्वला गिलहूली आणि तिचा थोरला भाऊ मॅलकी. डेर्वला स्वतः गाणी रचायची आणि गिटार वाजवत म्हणायची. मॅलकी जाड तारांची, खर्जातली गिटार वाजवायचा. फिंटनकडे नुसत्या दोन काठ्या होत्या. तिघे एका दुपारी पडवीत आले. मॅलकीने माझ्या पोटात हात घातला आणि अंडे बाहेर काढले.

"ढोलातून अंडं निघालं," तो म्हणाला, "आता गाणं निघतंय का बघू."

"ते अंडं आधी इकडे दे," ब्रायडी दारातून ओरडली. "गाण्याचं तुमचं तुम्ही बघा."

फिंटनने मला धुतले, पुसले, फाटक्या कातड्याच्या जागी नवे पडदे चढवले. जुन्या बाजारातून झांजा आणि लहान ढोल आणून माझ्याभोवती मांडले. मग त्याने पट्टीवर पाय ठेवला. मित्रांनो, ठोका सगळेच देतात. फिंटन ठोका धरून ठेवायचा. डेर्वलाचा श्वास कुठे संपतो ते त्याला बरोबर कळायचे, आणि तिथे तो ठोका सोडायचा. ती गाताना थबकली तर तोही थबकायचा. पहिल्याच दिवशी ती गिटार खाली ठेवून म्हणाली, "हे काय केलंस रे? मी पडणार होते आणि तू खाली हात धरलास."

"पाय धरला," मॅलकी म्हणाला. "हात रिकामेच आहेत त्याचे, बघ."

बँडचे नाव त्यांनी ठेवले 'लो टाइड', म्हणजे ओहोटी. "असलं कसलं रडकं नाव?" ब्रायडीने विचारले. मॅलकी म्हणाला, "मावशी, ओहोटीपासून सुरुवात केली की पुढे भरतीच असते."

आणि भरती आली. आधी चर्चच्या हॉलमध्ये, मग स्लायगोच्या एका गुत्त्यात, मग गॉलवेला. डेर्वलाचे एक गाणे होते; बोटीने परदेशी गेलेल्या मुलांच्या रिकाम्या खोल्यांचे. त्या खोल्यांत आया अजून पलंगावरच्या चादरी बदलतात, असे त्यात होते. ते गाणे डब्लिनच्या रेडिओवर लागले आणि देशभर पोहोचले. पाव पोहोचवणारी एक जुनी गाडी त्यांनी घेतली. तिला अखेरपर्यंत यीस्टचा वास येत राहिला. मागे मी, पुढे तिघे, मांडीवर व्हिनेगर शिंपडलेले बटाट्याचे तळलेले काप. लंडनला गेलो तेव्हा आमच्याच भागातली ती बोटीने गेलेली पोरे पुढे येऊन उभी राहिली. धिप्पाड, सिमेंटने माखलेल्या बुटांची. गाणे सुरू झाले तशी ती लहान मुलांसारखी रडू लागली. त्यांच्या छातीत जे धडधडत होते, त्यात माझाही आवाज होता. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मान.

याच सुमारास रुआरी प्लंकेट नावाचा डब्लिनचा माणूस त्यांचा व्यवस्थापक झाला. हॉल मोठे झाले. आवाज वाढवणारी यंत्रे माझ्या तोंडाशी आली, आणि माझा एकेक ठोका तोफेसारखा फुटू लागला. त्या तोफेच्या सर्वांत जवळ, रोज, फिंटन बसलेला असे.

एकदा सुट्टीत तो घरी आला होता. पडवीत मला पुसत बसला होता. ब्रायडी चहा घेऊन आली.

"आई, किटली उतरव ना गं. केव्हाची शिट्टी मारतेय."

"किटली कुठाय चुलीवर? चहा तर हातात आहे माझ्या."

फिंटन मला पुसतच राहिला. ब्रायडी त्याच्या पाठीमागे गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "फिंटन." त्याने वळून पाहिले नाही. तिने पुन्हा हाक मारली. मग ती समोर आली. चहाचा कप तिने खाली ठेवला.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. गॉलवेच्या डॉक्टरला दाखवलं. दोन्ही कान जाताहेत म्हणाला. वाजवणं आजच बंद कर म्हणाला."

"मग पोरांना सांग. ती काय परकी आहेत?"

"परकी असती तर सांगितलं असतं. त्यांनी दुसरा वाजवणारा बघितला असता. ही दोघं तसं नाही करायची, आई. ती सगळंच बंद करतील. डेर्वला आता कुठे वर येतेय. अमेरिकेची रेकॉर्ड काढणारी कंपनी त्यांना ऐकायला यायची आहे. एवढं होऊ दे."

"आणि तुझं काय?"

"माझं नंतर बघू. तू शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस."

ब्रायडीने शपथ घेतली आणि पदर नसलेल्या बाया करतात तसे एप्रनने डोळे पुसले. मी तिथेच होतो, मित्रांनो. ज्या आवाजाने त्याचे कान चालले होते, तो माझाच आवाज होता. तो मला पुसत होता आणि मला 'मला सोड' एवढेही म्हणता येत नव्हते.

त्यानंतर फिंटन वेगळ्या तऱ्हेने वाजवू लागला. उजव्या पायातला बूट काढून ठेवायचा. गुडघा माझ्या अंगाला टेकवून माझी थरथर ओळखायचा. आणि डोळे डेर्वलाच्या उजव्या खांद्यावर. ती श्वास घ्यायची तेव्हा तिचा खांदा किंचित वर जायचा. त्या खांद्यावर त्याने वर्ष काढले, आणि एकही ठोका चुकला नाही.

पण वाजवण्यापलीकडेही माणसे बोलतात. गाडीत मॅलकी तोंड न वळवता विनोद करायचा आणि फिंटन हसायचा नाही. डेर्वला मागून हाक मारायची आणि तो सरळ चालत राहायचा.

"काय रे, राजेसाहेब," मॅलकी म्हणाला एकदा, "आता हाकेला ओ द्यायचे पण वेगळे पैसे द्यावे लागतात का?"

फिंटनला शेवटचे दोनच शब्द कळले असावेत. तो म्हणाला, "लागतात."

मॅलकीचा चेहरा उतरला. डेर्वलाने खिडकीबाहेर पाहिले. फिंटन गमतीतच बोलल्यासारखा हसत होता. असे पुष्कळदा झाले. प्रत्येक वेळी मी गाडीत मागे बांधलेला असे आणि काय घडते आहे ते मला एकट्याला ठाऊक असे.

मग ती डब्लिनची संध्याकाळ आली. हॉल खच्चून भरला होता. अमेरिकेच्या कंपनीची माणसे वरच्या सज्जात बसली होती. प्लंकेटने सगळा रंगमंच नव्याने मांडला होता. मला आणि फिंटनला त्याने मागे, उंच चौथऱ्यावर चढवले. फिंटन म्हणाला, "मला खाली, डेर्वलाच्या जवळ बसू दे."

"तिथे तू फोटोत येत नाहीस, बाबा," प्लंकेट म्हणाला. "वर बस, राजासारखा दिसशील."

पहिली काही गाणी नीट गेली. मग रिकाम्या खोल्यांचे गाणे आले. प्लंकेटने कुणाला न सांगता एक नवी युक्ती योजली होती. सगळे दिवे गेले आणि फक्त डेर्वलाच्या चेहऱ्यावर समोरून एक झोत पडला. हॉल भारावून गप्प झाला. पण मागून तिचा खांदा दिसेनासा झाला. फिंटन अंधारात पुढे वाकला. त्याचा गुडघा माझ्या अंगावर घट्ट दाबला गेला, पण मीच वाजत नव्हतो, तर मी त्याला काय सांगणार? त्याने अंदाजाने ठोका दिला. तो डेर्वलाच्या ओळीच्या मधोमध पडला. ती अडखळली. त्याला कळले नाही. तो वाजवत राहिला, आपल्या मनातल्या गाण्याच्या मागे. मॅलकीने ओरडून सांगितले, "थांब! फिंटन, थांब!" ते हॉलमधल्या प्रत्येकाला ऐकू गेले. डेर्वलाने गिटार खाली ठेवली आणि ती आत निघून गेली. सज्जातली माणसे उठून कोट घालू लागली.

मला उचलून आतल्या खोलीत दाराजवळ ठेवले गेले. तिघेही तिथेच होते.

"मुद्दाम केलंस," मॅलकी म्हणाला. "तुला खाली बसायचं होतं, ते ऐकलं नाही म्हणून. बोल ना! आम्ही बोलतोय ते कानावर घ्यायचंच नाही असं ठरवलंयस वर्षभर!"

फिंटन त्याच्या ओठांकडे बघत होता. रागावलेल्या माणसाचे ओठ वाचता येत नाहीत. शेवटी तो एवढेच म्हणाला, "माझ्यामुळे झालं. मी जातो. दुसरा कुणीतरी बघा."

त्याने कोट उचलला. दारापाशी आला, कडीवर हात ठेवला, आणि पाठमोरा उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. तेव्हा डेर्वला बोलली. ती मानी मुलगी होती. तिच्या तोंडून ते मोठ्या आवाजात निघणे शक्यच नव्हते.

"फिंटन, जाऊ नकोस रे. अमेरिका गेली खड्ड्यात. तुझ्याशिवाय मला गाता येत नाही."

फिंटनने कडी काढली आणि तो गेला.

"ऐकून गेला," मॅलकी म्हणाला. "ऐकून गेला बघ."

मी डेर्वला आणि फिंटनच्या मध्ये होतो. त्या दिवशी कुणाचा नुसता धक्का जरी मला लागला असता, तरी मी वाजलो असतो. ती थरथर फरशीतून पोहोचून कदाचित त्याचा पाय थबकला असता. पण कुणाचा धक्का लागला नाही.

'लो टाइड' तिथेच संपले. वर्तमानपत्रांनी लिहिले की मान-अपमानावरून फुटले. डेर्वलाने गाणे सोडले आणि कॉर्कला एका शाळेत नोकरी धरली. मॅलकी पाव विकण्याच्या धंद्यात पडला. गाडी तर होतीच, असे तो लोकांना सांगायचा, पण हसायचा नाही. दोघेही पुन्हा गावी फिरकले नाहीत, आणि फिंटनचा विषय त्यांनी कुणाला काढू दिला नाही. फिंटन कारिगमोरला परतला आणि खाडीत कालवांच्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांच्या, शेतीवर काम करू लागला. तिथे कुणी फारसे बोलत नाही. मला त्याने पडवीत ठेवले आणि वर ताडपत्री टाकली. ताडपत्रीवर पुढे बादल्या, जाळी, रंगाचे डबे साठत गेले. माझा पडदा फाटला तो अशाच एका डब्याने.

कितीतरी वर्षांनी ब्रायडी गेली. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे दफनाआधी तिला घरातच ठेवले होते आणि गाव भेटायला येत होते. डेर्वलाही आली. केसांत पांढरे दिसत होते. पडवीच्या दाराशी फिंटन पाहुण्यांसाठी खुर्च्या काढत होता. ती मागून म्हणाली, "फिंटन, आईचं फार वाईट वाटलं रे." तो खुर्च्या काढतच राहिला. तिचे ओठ आवळले गेले. ती परत फिरली.

तेवढ्यात शेजारची म्हातारी मिसेस मॅकगोल्ड्रिक कपबश्या घेऊन येत होती. ती म्हणाली, "अगं, समोरून बोल. मागून बोलून काय उपयोग? त्याला ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

"लोकांना कळलं तो इथे परत आला तेव्हा. ब्रायडीला आधीच ठाऊक होतं. तुम्ही एकत्र वाजवत होतात तेव्हापासूनच नाही का!"

डेर्वला जागच्या जागी उभी राहिली. मग ती पडवीत आली, फिंटनच्या समोर गेली, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "त्या संध्याकाळी. दारापाशी. मी काय म्हणाले, ते ऐकलंस?"

फिंटनने तिच्या ओठांकडे पाहिले. "तू काही म्हणालीस?" तो म्हणाला. "मी थांबलो होतो गं. कुणी काही म्हणेल म्हणून थांबलो होतो."

डेर्वलाने ते शब्द पुन्हा म्हटले. सगळे, जसेच्या तसे. फिंटनने ते डोळ्यांनी ऐकले. मग फिंटनने एक खुर्ची तिच्या हातात दिली, एक स्वतः घेतली, आणि दोघे घरात गेले. बाहेर माणसे उभी होती, त्यांना बसायला हवे होते.

मित्रांनो, मला पुन्हा नवा पडदा लावा, असे माझे मागणे नाही. माझे वाजणे आता कुणाच्या कामाचे नाही. एवढेच सांगतो, स्वतःच्या कानांना जपा. ते एकदा गेले की पैशाने परत येत नाहीत. आणि हाक मारूनही तुमचा सोबती वळला नाही, तर तो माजला, रुसला असे ठरवून परत फिरू नका. चार पावले चालून त्याच्या समोर जा. मला पाय नाहीत, म्हणून मी जाऊ शकलो नाही. तुम्हाला आहेत.