चिमटीतलं भूत

भूत उतरवणाऱ्या बाबांनी मुलीच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी उभीच राहिली. कारखान्यातल्या चाळीस बाया एक पाऊल मागे सरकल्या.

"बघितलंत? आतून ओढून धरलंय कोरडी नावाच्या भुतानं," बाबा म्हणाले. "वाफेत राहते ही बया. आधी तोंडातली लाळ पिते, मग डोळ्यांतली आसवं, मग रक्त."

इस्त्रीच्या त्या कारखान्यात वाफेला तोटा नव्हता. वर तापलेला पत्रा, खाली दिवसभर फुसफुसणाऱ्या इस्त्र्या. आठवड्यात दोघी कोसळल्या होत्या. बाबांनी त्यांना दिवसभर कोरडं ठेवलं, सूर्य मावळल्यावर तीर्थ पाजलं, आणि त्या उठून बसल्या. तेव्हापासून मुकादमही बाबांच्या पाया पडत होता.

आजची तिसरी, ही मुलगी, म्हणजे तिथेच इस्त्री करणाऱ्या वहिनीची धाकटी नणंद. सासूबाईंनी डोळे मिटताना तिचा हात वहिनीच्या हातात दिला होता. आता तो हात गार पडला होता. डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा. पोरगी हुंदके देत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"वहिनी, पाणी."

"खबरदार," बाबांनी बोट रोखलं. "पोरगी नाही, कोरडी मागतेय. थेंब दिलात तर पोर हातची जाईल."

वहिनी देवापुढे दिवा लावल्याशिवाय चूल पेटवत नसे. बाबांचा शब्द मोडणं म्हणजे देवाचा मोडणं, असं तिला वाटे. ती दुपारपर्यंत बसून राहिली. मग नणंदेने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि हाक मारली, "आई."

वहिनीच्या अंगावर काटा आला. ती उठली ती थेट कोपऱ्यावरच्या दवाखान्यात.

नर्सबाई आल्या, मुलीजवळ गुडघ्यांवर बसल्या. "लघवीला कधी गेली होती?"

"काल सकाळी. अगदी गडद पिवळी."

"आणि पाणी किती पिते?"

संडासाची किल्ली मुकादमाकडे असे. मागितली की तो सगळ्यांदेखत विचारी, "परत?" त्या एका शब्दाच्या लाजेपायी बायका सकाळच्या घोटावर दिवस काढत. 'कमी पिते ती शहाणी' हे नणंदेला पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते वहिनीनेच.

वहिनीने नर्सबाईंना हे खालमानेने सांगितलं, तशा त्या बायांकडे वळल्या. "हात पुढे करा."

त्या एकेकीला चिमटा काढत गेल्या. कुणाची कातडी रेंगाळली, कुणाची उभीच राहिली. वहिनीचीही.

"अगं बाई, सगळ्यांनाच धरलंय की काय?" एकजण कुजबुजली.

"बाबा, तुमचा हात द्या बघू."

बाबांची कातडी पटकन सपाट झाली.

"तुम्हाला कशी धरेल? तुमच्या आसनामागे पिण्याच्या पाण्याचा भरलेला तांब्या आहे," नर्सबाई म्हणाल्या. मग शेजारच्या तीर्थात बोट बुडवून त्यांनी चाखलं. "साखर आणि मीठ. लिटरभर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. औषध खरं आहे, बाबा. ते दिवसभर अडवून धरलंत, एवढाच तुमचा चमत्कार."

"कोरडी कोपेल," बाबा पुटपुटले.

"कोपू दे. पोरीला अजून गिळता येतंय, तोवर चमच्याने पाजा. आणि टेम्पो बोलवा. बरळायला लागलेलं माणूस असं ठेवायचं नसतं."

हॉस्पिटलात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, "सूर्य मावळेपर्यंत थांबला असता तर इथे आणून उपयोग नव्हता." वहिनी उशाशी बसून देवाचं नाव घेत राहिली. दिवेलागणीला नणंदेने डोळे उघडले. "वहिनी," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. वहिनीने ते पुसलं नाही. नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाबांचं आसन रिकामं होतं. वहिनी मुकादमाच्या टेबलाशी गेली.

"किल्ली."

"परत?" मुकादम सवयीने म्हणाला.

"परत. तासाभराने पुन्हा येईन. माझ्या मागे ह्या एकोणचाळीस जणी येतील. त्यापेक्षा किल्ली खिळ्यालाच टांगा."

किल्ली खिळ्यावर गेली. नव्या मुलीला वहिनी आता एवढंच सांगते, "देव भूत लावत नाही गं, तहान लावतो. तोंड सुकलं, डोकं गरगरलं, लघवी गडद पिवळी झाली, की कुणाला विचारत बसू नकोस. आधी पाणी पी."