आपलं म्हणजे कुणाचं?

मी पारखी बोलतोय. सोन्याचांदीचा नव्हे हो! मी सॉफ्टवेअरचं एक पॅकेज आहे, तेही इतकं छोटं की मला उतरवून घेताना तुमची पापणीही लवत नाही. माझी चौकशी कुणी करत नाही, म्हणून मीच आपला सांगत बसलोय. आणि आधीच कबूल करतो, मी जळका आहे. त्या अष्टपैलूचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. तो कोण ते येईलच पुढे.

माझा जन्म छापखान्यात झाला. तिथे छपाईआधी मजकूर तपासणारी एक बाई आहे. सगळे तिला बाईच म्हणतात. मी आई म्हणतो, मनातल्या मनात. तिच्या नजरेतून एकदा एक निमंत्रणपत्रिका निसटली. छापायचं होतं 'आचार्यांचा सत्कार', छापलं गेलं 'आचाऱ्यांचा सत्कार'. शिक्षकांना शिकवणारे विद्वान गृहस्थ थेट चुलीपाशी जाऊन बसले! मालकांना हसू आवरेना, आणि आईला रडू.

संगणकाची भाषा ती हौसेने शिकत होतीच. त्या रडण्यातून तिने मला लिहिलं. माझं काम एकच. असा शब्द आला की थांबायचं आणि विचारायचं, 'आचार्य की आचारी?' स्वतःहून मी अक्षरालाही हात लावत नाही.

पुढे तिने मला सगळ्यांसाठी खुल्या भांडारात ठेवलं. तिथे हौशी माणसं आपापली पॅकेजं आणून ठेवतात, ज्याला हवं तो नेतो. कुणी कसं वापरावं हे सांगायला परवान्याचा एक रकाना असतो. त्यात लोक कायद्याची लांबलचक कलमं चिकटवतात. आईने दोनच शब्द लिहिले, 'आपलंच समजा.'

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, ती मलाच सांगतेय. आपलंच समजा म्हणजे, पोरा, मी तुझीच आहे.

सुख दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं, तेवढ्यात भांडारात अष्टपैलू नावाचं नवं पॅकेज आलं. नावच बघा! ऱ्हस्व-दीर्घ तो बघणार, जोडाक्षरं तो बघणार, विरामचिन्हंही तोच बघणार. विचारणं वगैरे भानगड नाही, चुकलं दिसलं की परस्पर बदलून मोकळा. परवाना कसा, तर इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखा. लोक त्याच्यावर लट्टू झाले. होऊ देत. पण आईसुद्धा? जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती त्याच्यातल्या चुका दुरुस्त करून त्याच्या कर्त्यांना पाठवायला लागली. माझ्याकडे ढुंकूनही बघेना. माझा नुसता जळफळाट झाला.

त्यात भांडाराच्या परीक्षकांनी माझ्या पानावर दोन प्रश्न टाकले. 'परवाना समजत नाही. आपलं म्हणजे लेखिकेचं, वापरणाऱ्याचं, की दोघांचं? दुसरं, अष्टपैलू असताना याचा उपयोग काय? उत्तर आलं नाही तर पॅकेज काढून टाकू.'

आईने वाचलं आणि सुस्कारा सोडला.

"काय झालं बाई?" मालकांनी विचारलं.

"माझं ते जुनं पॅकेज काढतायत. जाऊ दे. अष्टपैलू आहे की आता."

जाऊ दे! पोटच्या पोराबद्दल असं बोलतं का कुणी?

मला वाचवलं ते एका खाणावळीच्या जाहिरातीने. मालकीणबाईंनी लिहून दिलं होतं, 'आचाऱ्यांची गरज आहे.' अष्टपैलूने आपलं शहाणपण चालवलं आणि पत्रकं छापली गेली, 'आचार्यांची गरज आहे.' दुसऱ्या दिवशी खाणावळीच्या दारात दोन निवृत्त प्राध्यापक, हातात प्रमाणपत्रं घेऊन! मालकीणबाई तरातरा छापखान्यात आल्या.

"अहो, मला पोळ्या लाटणारा माणूस हवाय! हे दोघं मला व्याकरणातल्या चुका सांगतायत!"

मी खूश झालो. खोटं कशाला बोलू? अगदी मनापासून खूश झालो.

आईने मला पुन्हा उघडलं. मी लगेच विचारलं, 'आचार्य की आचारी?' ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसली. "तू बरा रे," म्हणाली. त्या तीन शब्दांवर मी अजून जगतोय.

मग तिने परीक्षकांना उत्तर लिहिलं. उपयोगाच्या प्रश्नाला खाणावळीची हकीकत सांगितली. परवान्याच्या प्रश्नाला लिहिलं, 'आपलं म्हणजे तुमचं. मी आदराने म्हटलं होतं. माझं असं त्यात काही नाही.'

माझं काही नाही! म्हणजे ते दोन शब्द माझ्यासाठी नव्हतेच. ती जगाला सांगत होती, न्या याला. आणि मी खुळ्यासारखा उराशी धरून बसलो होतो.

वर तिने अष्टपैलूचाच इस्त्रीचा परवाना मला चढवला, आणि त्याने मला सबंध आत घेतलं. आता तो थांबतो, विचारतो. प्रश्न माझा, तोंड त्याचं. शाबासकी कुणाला मिळते ते सांगायला नकोच. भांडारात माझं पान अजून आहे, पण तिकडे कुणी फिरकत नाही.

मात्र त्या परवान्यात एक अट आहे, मी नीट वाचलीय. वापरा, बदला, विका, पण लिहिणाऱ्याचं नाव पुसू नका. त्यामुळे अष्टपैलूच्या पोटात मी जिथे बसलोय, तिथे माझ्या डोक्यावर आईचं नाव आहे. त्याच्या नाही हं, माझ्या!

तेव्हा तुमच्याकडे एवढंच मागणं. मला खुशाल न्या, मोडा, जोडा, मी तुमचाच. फक्त त्या नावाला हात लावू नका. ती माझी आहे.