खालची पकड

"सर, इथं स्क्रू नाही मारत मी," माणिकराव म्हणाले. "मारला, तर तो पहिल्याच वाऱ्यात पुन्हा उपटून येईन."

होडीच्या नाकावर एक फाटकं भोक होतं. मंगळवारच्या वाऱ्यात तिथली कडी स्क्रूंसकट निघाली आणि होडी वाहत जाऊन पलीकडच्या खडकांना लागली होती. लक्ष्मीकांत सर मेहकरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. ही जुनी शिडाची होडी त्यांनी मोठ्या हौसेनं मुंबईहून ट्रकवर घालून आणली होती. पेनटाकळीच्या धरणात, पिंपांवर फळ्या ठोकून केलेल्या एका धक्क्याला ती बांधलेली असे. रविवारी त्यांची नात स्वरदा येणार होती. त्याआधी नवी कडी बसली की झालं, एवढंच त्यांचं म्हणणं.

"एका कडीनं भागत नाही सर. खुट्याले बांधलेल्या बकरीवानी गरगर फिरन ते. चार क्लीट लागतात, दोर गुंडाळाचे दोन कानाचे लोखंडी खुटे, दोन पुढं, दोन मांगं. अन् बोल्ट आरपार. खालून सागवानाची फळी, म्हंजे ओढ एका जाग्यावर येत नाही."

सरांनी वाद घातला नाही. माणिकराव तेहतीस वर्षं मुंबईच्या गोदीत फिटर होते, हे त्यांना ठाऊक होतं. जहाज काठाला बांधायला लागणारं सगळं लोखंड डेकवर बसवायचं, हेच त्यांचं काम. काम संपलं की जहाज निघून जाई आणि माणिकराव पुढच्या जहाजाकडे वळत. अकरा माणसांच्या खोलीत त्यांची एक वळकटी होती, त्यामुळे बायकोला तिकडे नेणं कधी जमलं नाही. भिमाबाईंनी हिवरा आश्रमाजवळच्या गावात सासू, दोन मुली आणि तीन एकर सांभाळले. वर्षाकाठी एक महिना नवरा घरी. त्या महिन्यात पत्र्याची डागडुजी, मुलींच्या शाळा, सोयऱ्यांकडे जाणं, आणि मग परत पिशवी भरणं.

माणिकरावांनी चारही जागा खडूनं आखल्या. भोकं सरांनी पाडली, कारण माणिकरावांच्या हाताला आता कंप होता. भोकांच्या कडांना त्यांनी सिलिकॉन भरलं, क्लीट टेकवले, बोल्ट सोडले. मग काम अडलं. खालून फळी लावून नट धरायला पुढं आणि मागं, हात जाईल एवढंच एकेक गोल झाकण होतं. सरांचा दंड त्यात शिरेना. माणिकरावांचा खांदा वळेना.

भिमाबाई डबा घेऊन आल्या होत्या. चपला काठावर काढून त्या धक्क्यावर आल्या, थोडा वेळ दोघांची खटपट बघितली आणि पदर खोचला.

"सरका. मले सांगा काय धरायचं थे."

"पाना नटाले लावायचा अन् फिरू द्यायचा नाही. वरून मी आवळतो."

होडीत पालथं पडून त्यांनी आपला बारीक, काटक हात खांद्यापर्यंत आत घातला. होडी हलली तसे त्यांनी डोळे मिटले, पण पाना सोडला नाही.

दुसऱ्या बोल्टाला त्यांनी विचारलं, "अजी, मुंबईले हेच करत होते का तुमी?"

"हेच. फक्त मोठं."

"अन् खालून कोन धरे?"

"हिंमतराव होता, साताऱ्याकडचा. अठरा वर्सं त्यानंच धरलं."

"कधी सांगतलं नाही."

"काय सांगू? बोल्ट आवळतो म्हून?"

"हाव, तेच सांगायचं. मी साऱ्या गावाले सांगे, आमचे हे जहाज चालवतात. मले काय मालूम?"

माणिकराव हसायला गेले, पण हसू पुरतं आलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी पान्याची मूठ घट्ट धरली आणि पुढचा बोल्ट घेतला. पाचव्या बोल्टापासून त्यांना आवाज द्यावा लागला नाही. कधी धरायचं, कधी सोडायचं, ते भिमाबाईंना खालूनच कळत होतं.

सर जेवायला घरी जाऊन आले. त्या दोघांनी तिथंच भाकरी खाल्ली. दुपार कलताना वारा उठला. माणिकरावांनी चारही क्लीटांच्या कानांभोवती आठाच्या आकड्यासारखे दोर गुंडाळले. वाऱ्यानं होडी ओढली, दोर ताठले, धक्का करकरला. क्लीट जागचे हलले नाहीत.

सर खूश झाले. "माणिकराव, चला, पहिली फेरी तुमची! माझ्याबरोबर एकाचीच जागा आहे."

माणिकरावांनी पाण्याकडे पाहिलं. आपण क्लीट बसवलेल्या एकाही जहाजातून ते कधी कुठं गेले नव्हते. सरांनी पुढं केलेलं नारिंगी जाकीट त्यांनी हातात घेतलं, छातीशी लावूनही पाहिलं. मग ते भिमाबाईंकडे वळले.

"हिले न्या सर."

"मले? अजी, मले पोहता कुठं येते?"

"मले तरी कुठं येते?" माणिकराव जाकिटाचे पट्टे आवळत म्हणाले. "बस वं. काही होत नाही. तूच तं धरलं सारं."

त्यांनी मागचे दोर सोडले, मग पुढचे, आणि होडीला पायानं हळूच रेटा दिला. सरांनी शीड ओढलं. ते एकदा फडफडलं, मग भरलं. भिमाबाई दोन्ही हातांनी पुढचा क्लीट धरून बसल्या होत्या. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी एक हात काढून पाण्यात बुडवला. माणिकराव त्यांच्या वळून पाहण्याची वाट बघत उभे होते, पण त्या पुढंच पाहत होत्या.

हाक मारावी असं त्यांना एकदा वाटलं. ते धक्क्यावरून काठावर आले. भिमाबाईंच्या चपला उन्हात तापल्या होत्या. त्या उचलून त्यांनी बाभळीच्या सावलीत नीट जोडून ठेवल्या आणि शेजारी बसून राहिले.