शेवटची पंगत

तोकुजीने बर्फाच्या पेटीतला कॉड मासा शेपटीला धरून उचलला आणि थेट उकळत्या पातेल्याशी नेला. कुनिओने मध्ये पळी आडवी धरली.

"बाबा, आज मासा नाही."

"माझ्या जाळ्यातला आहे. कालचा, ताजा."

"दिसतंय ना. पण उद्या स्पर्धा सुरू होतेय. आज चांकोच्या रश्श्यात फक्त कोंबडी. ती दोन पायांवर उभी असते. माशाला ना हात ना पाय. आमच्या पैलवानांनी आखाड्यात लोळायचं का?"

तोकुजीच्या कपाळावर आठी चढली. आओमोरीहून तो बायकोला, हात्सुएला, घेऊन आला होता ते मुलाला परत न्यायलाच. इतकी वर्षं र्‍योगोकूच्या या सुमो तालमीत राहून कुनिओ खालच्या फळीतून वर काही सरकला नाही. आता तर नुसता चांको शिजवतो. 'टीव्हीवर कधी दिसणार?' असं बंदरावर कोणी विचारलं की तोकुजीची मान खाली जाई. शिवाय गुडघे बोलू लागले होते, नावेवर हक्काचा माणूस हवा होता.

आवाज ऐकून वस्ताद स्वयंपाकघरात आले.

"अरे, एवढ्या लांबून आणलाय त्यांनी. टाक दोन तुकडे. काय बिघडतंय?"

कुनिओ कमरेत वाकला.

"माफ करा, वस्ताद. नाही टाकणार."

घाम पुसणारे पैलवान जागच्या जागी थांबले. वस्तादांनी कान खाजवला आणि ते हसले.

"बरोबर आहे त्याचं. आखाड्यात तो माझं ऐकतो, इथे मी त्याचं."

तोकुजीने मासा पेटीत ठेवला. घरी असताना हे पोर आपल्यासमोर ब्र काढत नसे. त्याला इतका अभिमान वाटला की तो कुणाला दिसू नये म्हणून तो उगाच पेटीचं झाकण चाचपत राहिला.

पहिल्या पंगतीला वस्ताद आणि मोठे पैलवान बसले.

"या, तोकुजीसान, माझ्या शेजारी बसा. फोनवर काहीतरी बोलायचंय म्हणाला होतात?"

"अहो, सांगा ना," हात्सुए पुटपुटली.

"मी पोराबरोबर जेवेन," तोकुजी म्हणाला.

"तो शेवटच्या पंगतीला बसतो. तोवर तळाचंच उरतं."

"चालेल."

"आणि ते बोलायचं?"

ज्याची चित्रं स्टेशनच्या भिंतींवर लागतात तो धिप्पाड पैलवान वाडगा पुढे करून कुनिओच्या पळीची वाट बघत होता. तोकुजीने ते पाहिलं.

"हेच, की पोरगं तुमच्याकडे चांगलं वाढलं."

वस्तादांनी मान लववली. हात्सुएने नवऱ्याच्या बाहीला हात लावला.

"आणि नावेचं काय?"

"माझी आहे. मी चालवीन."

दुखरा गुडघा दोन्ही हातांनी वळवत तो स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसला. हात्सुएही त्याच्या शेजारी बसली. दोघांनाही कडकडून भूक लागली होती.