अर्ध्या दिवसाची खाट

ज्यांच्या घरातलं लेकरू दूर मोठ्या शहरात नोकरीला आहे, त्यांनी हे जरा लक्ष देऊन वाचावं. ज्यांचं कुणी गेलेलं नाही, त्यांनीही वाचावं. कुणाला तरी शहरात पाठवण्याच्या गोष्टी तिथेही चालू असतीलच.

एका आईचे दोन मुलगे. थोरला शहरात विमा कंपनीत, धाकटा आपल्याच गावात कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात. थोरल्याचा पगार धाकट्याच्या कमाईच्या तिप्पट, हे आईने वाण्यापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांच्या कानावर घातलेलं. थोरल्याची खोली तिने कुलूप लावून जपली होती. आत खाटेवर धुतलेली चादर. तिच्यावर कुणी टेकायचंसुद्धा नाही. धाकटा आणि त्याची बायको स्वयंपाकघरात पथारी टाकत. जेवताना भाजीबरोबर टोमणाही ताटात पडायचा. "दादाकडे बघ जरा. तू बस आपला किल्ल्या घासत."

ऐकून ऐकून धाकट्याने दुकान विकायला काढलं. गिऱ्हाईकही ठरलं. आई हरखली. थोरल्याला न कळवताच गाडीत बसली. धाकट्याची सोय त्याच्याकडे लावून यायची होती.

पत्ता विचारत, जिने चढत ती दुपारी खोलीवर पोचली. दार ढकललं, तर लेकाच्या खाटेवर भलताच माणूस घोरत पडलेला. अंगाला पिठाचा वास.

"ऊठ मेल्या! माझ्या लेकाच्या अंथरुणात शिरलास होय?"

तो डोळे चोळत उठला. चिडला नाही. म्हणाला, "मावशी, संध्याकाळपर्यंत ही खाट माझी. मग तुमच्या लेकाची. उशी तेवढी ज्याची त्याची."

तो पाववाला होता. रात्रभर भट्टीसमोर उभा राहायचा आणि दिवसा इथे पाठ टेकायचा. आईचा विश्वास बसेना. एवढा पगार घेणारा माणूस अर्ध्या खाटेवर झोपतो म्हणजे काय! गावात दुकान चालवणाऱ्या धाकट्यालाही इथेच धाडायचं ठरवून आले, असं तिने सांगितलं. त्यावर पाववाल्याने तिला पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, "तुम्ही पगार इथला धरता आणि भाडं गावचं. कसं जुळायचं? भाडंही इथलं धरा, पाणी इथलं, बस इथली. मग उरतं ते तो तुम्हाला पाठवतो. धाकटा दुपारी घरी जेवायला येतो ना? ते इथे कुठल्याच पगारात मिळत नाही."

निदान तुमची एकमेकांना सोबत तरी असेल, असं ती म्हणाली.

"कसली सोबत? दारात भेटतो. एक आत, एक बाहेर. मागे त्याला ताप होता. गादी जास्त गरम लागली, म्हणून मला कळलं."

संध्याकाळी थोरला आला. आईला पाहून दारातच थबकला. पाववाल्याने आपली उशी फळीवर ठेवली आणि तो निघून गेला.

"मला सांगितलं का नाहीस रे?"

"तू सगळ्या गल्लीला सांगून बसली होतीस, आई. मी कुठल्या तोंडाने सांगणार?"

 लेकाने तिला खाट दिली आणि स्वतः भिंतीला टेकून बसला. कितीतरी दिवसांनी खोलीत दुसरं माणूस जागं होतं, म्हणून तो नुसताच तिच्याकडे बघत राहिला. घरी चल म्हणाली, तर "बघू" म्हणाला.

ती परतली तेव्हा धाकट्याची बॅग भरलेली होती. "दादा काय म्हणाला? कधी येऊ?"

"दुकान विकायचं नाही," आई म्हणाली. कमरेची किल्ली काढून तिने सुनेच्या हातात ठेवली. "आजपासून तुम्ही दोघं त्या खोलीत निजायचं. थोरला आला तर दुसरी खाट आणू. रिकाम्या खाटेची पूजा पुरे झाली."

थोरल्याचं अजून ठरलेलं नाही. पण आता फोनवर आई पगाराचं नाव काढत नाही.

मंडळी, दूरच्या पगाराने जवळच्या माणसाला मोजू नका. आणि दूरच्याला पगार विचारायचाच असेल, तर त्याआधी एवढं विचारा: बाळा, झोपतोस कुठे? आणि तुझ्याबरोबर जेवायला कोण असतं?